डंगरीचा रिव्ह्यू, व्हाया डोंगरी

तर शेवटी घेतली मी डंगरी, ती खांद्यावर पट्टे आणि छातीवर तुकडा असलेली जीन्सच्या कापडाची पँट. वय वर्षं सदतीस, वजन सांगत नाही, रोज ठाणे ते सीएसएमटी स्लो लोकल, आणि घरात "आता ह्या वयात?" असं विचारणारी एक आई. एवढं सांगायचं कारण म्हणजे घेण्याआधी मी बाकीचे रिव्ह्यू वाचले तर सगळे वीस-बावीसच्या मुलींचे, "सो क्यूट", "लव्ह इट", आणि खाली आरशासमोर एक पाय वाकवून काढलेला फोटो. मला जे हवं होतं ते त्यात कुठेच नव्हतं, मांडी घालून बसता येतं का, ऑफिसच्या वॉशरूममध्ये काय हाल होतात, दोन धुण्यांनंतर रंग राहतो का. म्हणून मीच लिहितेय, लांब आहे, आणि मध्येच भरकटणार आहे हे आधीच सांगते, कारण ह्या डंगरीच्या नादात मी तीन रात्री डिक्शनऱ्या उकरत बसले आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

आधी खरेदी. भाचीला (वय अकरा) वाढदिवसाला डंगरी हवी होती, तिच्यासाठी बघता बघता मोठ्यांचं पान उघडलं आणि तिथे ३,९९९ ची २,१९९ ला दिसली. ३,९९९ ला ती आजवर कोणी घेतली असेल असं मला वाटत नाही, ते आकडे खोडायलाच छापलेले असतात. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कस्टमर केअरशी माझं अजून पूर्ण मिटलेलं नाहीये. साइझ चार्टमध्ये छाती, कंबर, हिप सगळं इंचात दिलेलं, फक्त डंगरीला जे सगळ्यात जास्त लागतं तेच माप नाही, खांद्यापासून आसनापर्यंतचं. पँटचं एक बरं असतं, कंबर जरा वर-खाली सरकवता येते. डंगरी वरून खांद्याला टांगलेली आणि खालून आसनाला अडलेली, मधलं अंतर तुमच्या धडापेक्षा कमी पडलं की संपलं. मी 'एम' मागवली. ताठ उभी राहिले तर झकास, खाली पडलेला पेन उचलायला वाकले तर कोणीतरी मागून बखोट धरून उचलतंय असं वाटलं. एक्स्चेंजला टाकली. कुरियरवाला दोनदा "कस्टमर उपलब्ध नाही" असं टाकून गेला, कस्टमर घरात बसून भेंडी चिरत होती, बेल वाजलीच नाही. अकरा दिवसांनी 'एल' आली, ती बसली. तेव्हा पहिला सल्ला, उंची पाच-तीनच्या वर असेल तर नेहमीपेक्षा एक साइझ मोठी घ्या, कंबर ढगळ होईल पण डंगरीत ढगळ कंबर चालते, किंबहुना तीच तर मजा आहे.

कापड चांगलंय, इथे ब्रँडला पूर्ण मार्क. ९८ टक्के कॉटन, २ टक्के इलास्टेन, हाताला जाड लागतं पण पुठ्ठ्यासारखं नाही. उलटून बघितलं तर आतून पांढुरकं, बाहेरून निळं, आणि अगदी जवळ धरलं तर तिरप्या रेघा दिसतात. म्हणजे डेनिमच आहे, उभे धागे निळीत रंगवलेले आणि आडवे पांढरेच ठेवलेले. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवर बसतो, म्हणून घासलं की खालचा पांढरा डोकावतो आणि गुडघ्यावर ते फिकट डाग येतात ज्यांच्यासाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात. पहिल्या धुण्यात बादली अशी निळी झाली की आईला वाटलं मी पांढऱ्या कपड्यांना नीळ घालतेय. दुसऱ्या धुण्यात निम्मं, तिसऱ्यात जवळजवळ नाही. वेगळी धुवा, उलटी करून धुवा, आणि पहिले दोन दिवस ऑफ-व्हाइट सोफ्यावर बसू नका. हा सल्ला अनुभवाचा आहे, सोफा मैत्रिणीचा होता.

आता बक्कल. काय सांगू. डंगरीचा सगळा भार दोन बकलांवर असतो, बाकी शोभा. ह्याची बक्कलं दिसायला पितळी, जुनाट लुक वगैरे, पण पाचव्या दिवशी घाटकोपरला गर्दीचा रेटा आला आणि डावीकडचं बक्कल सटकन निघालं, पट्टा मागे, समोरचा तुकडा दुमडून पोटावर, आणि मी एका हाताने हँडल आणि एका हाताने अब्रू धरून उभी. समोरच्या सीटवरच्या काकूंनी न विचारता पर्समधून सेफ्टी पिन काढून दिली. लेडीज डब्याला माझ्याकडून पाच स्टार. घरी येऊन बघितलं तर बकलाची तार नुसती दाबून बसवलेली, झाळून पक्की केलेलीच नाही. शिवाय खिशाच्या कोपऱ्यांवर जे तांब्याच्या रंगाचे रिव्हेट, म्हणजे गोल टिकलीसारखे खिळे, आहेत त्यातला एक नखाने उचलला तर हातात आला, कापडाच्या पलीकडे गेलेलाच नव्हता. अरे, रिव्हेटचा जन्मच मुळी खिसा फाटू नये म्हणून झाला. अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावचा जेकब डेव्हिस नावाचा शिंपी मजुरांच्या पँटींचे खिसे फाटतात म्हणून तांब्याचे रिव्हेट ठोकायला लागला, आणि १८७३ मध्ये त्याने आणि लिव्हाय स्ट्रॉसने मिळून त्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर दीडशे वर्षांनी मला मिळाला तो चिकटवलेला रिव्हेट. म्हणजे कुंकवाऐवजी टिकली.

आणि ह्याच डंगरीच्या आत, मानेमागच्या पट्टीला, एक जाड पुठ्ठ्याचा टॅग होता. त्यावर मोठ्या अक्षरात 'इन्स्पायर्ड बाय अमेरिकन वर्कवेअर', आणि खाली दोन ओळी, शेतकरी, रेल्वे कामगार, वारसा, परंपरा. मी वाचून बाजूला ठेवणार होते. पण आई शेजारी शेंगा निवडत बसली होती, तिने डंगरीकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "अगं ही तर डांगरी! नगरला रणगाडेवाले घालायचे ना, काळी." आम्ही मूळचे नगरचे, आता अहिल्यानगर. आर्मर्ड कोअरचं सेंटर तिथे आहे, रणगाड्यांचं ट्रेनिंग तिथे होतं, आणि ते जवान एका अख्ख्या काळ्या सूटमध्ये फिरताना लहानपणी मी पण बघितलेत. त्या सूटला सगळे डांगरीच म्हणायचे. त्याला समोर छातीवरचा तुकडा आणि दोन पट्टे नसतात, वरपासून खालपर्यंत बंद असतो, तरी नाव तेच. मग मला प्रश्न पडला, की बाई हे नाव आलं कुठून, कारण 'डांगरी' ऐकायला अमेरिकन वाटत नाही. ऐकायला ते कर्जतच्या पुढच्या एखाद्या स्टेशनासारखं वाटतं.

आणि ते स्टेशनच निघालं! म्हणजे जवळजवळ.

इंग्लिश डिक्शनऱ्या सांगतात की हा शब्द हिंदी 'डुंगरी'वरून आला, अर्थ जाडंभरडं सुती कापड, आणि ते नाव पडलं मुंबईजवळच्या एका गावावरून, जे आता मुंबईतच आहे. डोंगरी. आपली डोंगरी! सँडहर्स्ट रोड स्टेशनच्या बाहेरची, जिथून मी गेली नऊ वर्षं रोज दोनदा जाते आणि एकदाही उतरलेली नाही. डोंगर, त्यावरून डोंगरी, त्यावरून तिथे विकायचं कापड, त्या कापडाचं इंग्रजांच्या तोंडी डंगरी, मग त्या कापडाच्या पँटी म्हणून अनेकवचनात डंगरीज, आणि तिथनं फिरून ऑनलाइन सेलमधून ठाण्याला आमच्या तिसऱ्या मजल्यावर. मी तो टॅग परत हातात घेतला. अमेरिकन वर्कवेअर म्हणे.

पण नुसतं "म्हणतात" यावर माझं समाधान होत नाही, व्हॉट्सॅपवर असले शब्दांचे उगम खूप फिरतात आणि निम्मे थापा असतात. म्हणून मोल्सवर्थ उघडला. माहीत नसेल त्यांच्यासाठी, जेम्स मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१, सुधारलेली दुसरी १८५७, आणि ही दुसरी शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट बघायला मिळते (सर्व्हिस म्हणून तिलाही रेटिंग देते, सर्च जुनाट आहे, मोबाइलवर डोळे फुटतात, पण तिच्यासारखं दुसरं काही नाही, पाचपैकी साडेचार). त्यात 'डोंगरी कापड' अशी नोंद चक्क आहे. अर्थ असा दिलाय की मुळात डोंगरी किल्ल्याला लागून असलेल्या भागात विकलं जाणारं साधं देशी कापड, आणि आता कुठल्याही हलक्या, स्वस्त सुती कापडाला हे नाव. झालं. जागा, वस्तू, आणि नाव कसं पसरलं, तिन्ही गोष्टी दोन ओळींत. ह्याला म्हणतात प्रॉडक्ट डिस्क्रिप्शन.

आता ह्यातली खरी गंमत. अँग्लो-इंडियन शब्दांचा एक प्रसिद्ध कोश आहे, हॉब्सन-जॉब्सन, यूल आणि बर्नेल ह्या दोघांचा, १८८६ चा. त्यात डंगरीखाली लिहिलंय की जाडं, हलक्या प्रतीचं सुती कापड, आणि पुढे, आम्हाला माहीत असलेल्या कुठल्याच डिक्शनरीत हा शब्द नाही. कुठल्याच नाही! आणि इकडे मोल्सवर्थ तीस वर्षं मुंबईत छापून पडलेला. १९०३ मध्ये विल्यम क्रुकने दुसरी आवृत्ती काढली तेव्हा त्याने चौकटी कंसात मोल्सवर्थची ती नोंद घातली. मला ह्या गोष्टीचा इतका आनंद झाला की मी रात्री साडेबाराला आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "बरं मग, झोप आता."

तो डोंगरी किल्ला मात्र आता शोधायला जाऊ नका. ज्या टेकडीवर होता ती टेकडीच इंग्रजांनी सपाट केली आणि १७६९ मध्ये तिथे फोर्ट जॉर्ज बांधला, तोही १८६२ मध्ये पाडला, नाव उरलं ते सीएसएमटीच्या मागच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलला. म्हणजे आज ज्याला आपण डोंगरी म्हणतो ते किल्ल्याच्या जागेपासून जरा उत्तरेला, आणि डोंगरीत डोंगर नाही. मराठी माणसाला डोंगरी म्हटलं की आठवतो तुरुंग, टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात तिथे १०१ दिवस होते, शाळेत पाठ केलेलं. बाकीच्यांना आठवतात सिनेमातले गँगवाले. कापड कोणालाच आठवत नाही. आणि सँडहर्स्ट रोड स्टेशनचं नाव बदलून डोंगरी करायचा प्रस्ताव राज्याने २०२४ मध्ये मंजूर केलाय, तो प्रत्यक्षात आला की माझी रोजची लोकल 'डंगरी'वर थांबणार, निदान माझ्या डोक्यात तरी.

अजून एक सापडलं आणि ते मला सगळ्यात जास्त आवडलं. त्याच हॉब्सन-जॉब्सनमध्ये १६१३ चा एक उतारा आहे. जॉन सॅरिस नावाचा इंग्लिश कप्तान, जहाजाचं नाव 'क्लोव्ह', म्हणजे लवंगच, मसाल्याच्या बेटांवर लवंगा घ्यायला गेलेला, आणि तिथे पैसे चालत नव्हते, हिंदुस्थानी कापड चालत होतं. त्याने भावाची यादी लिहून ठेवलीये. भडोचचं एक कापड दिलं की सहा कॅटी (तिकडचं वजनाचं माप) लवंगा मिळायच्या, आणि उत्तमातलं 'डोंगेरिन' दिलं की बारा. दुप्पट! तेव्हा मुंबई इंग्रजांच्या ताब्यातही नव्हती, पोर्तुगीजांकडे होती, आणि आपलं डोंगरी कापड तिकडे इंडोनेशियाच्या बेटांवर लवंगांच्या भावात तोललं जात होतं. मग मोल्सवर्थपर्यंत येईस्तोवर ते झालं गरिबाचं हलकं कापड. आणि आता परत २,१९९, सेलमध्ये. ह्या कापडाच्या नावाने जेवढे चढउतार बघितले तेवढे माझ्या म्युच्युअल फंडाने पण बघितले नसतील.

मधल्या काळात ते नाव कुठे कुठे फिरलं बघा. जाडं, टिकाऊ आणि स्वस्त, म्हणून तंबूंना, शिडांना, आणि खलाशांच्या कामाच्या कपड्यांना. अमेरिकेच्या नौदलात तर कामाच्या निळ्या युनिफॉर्मलाच विसाव्या शतकात डंगरीज म्हणायचे. ऑस्ट्रेलियात सुरुवातीच्या गरीब वसाहतवाल्यांना 'डंगरी सेटलर' म्हणायचे, कारण अंगावर हेच स्वस्तातलं हिंदुस्थानी निळं कापड. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, क्वीन्सलँडमध्ये वॉरविकपासून ब्रिस्बेनपर्यंत सैन्यभरतीसाठी पायी मोर्चा निघाला, वाटेत गावागावातून माणसं सामील होत गेली, सगळ्यांना निळ्या डंगरीचे कपडे दिलेले, म्हणून त्याचं नाव डंगरी मार्च. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये पुरुष लढायला गेले तेव्हा शेतं सांभाळणाऱ्या बायकांच्या विमेन्स लँड आर्मीला डंगरीज मिळाल्या. म्हणजे बायकांनी डंगरी घालायला सुरुवात केली ती क्यूट दिसायला नाही, नांगरायला. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग तू घालून निदान माळा तरी साफ कर."

आणि अमेरिकेत गोंधळ वेगळाच. न्यू जर्सीला माझी मावसबहीण असते, तिला फोटो पाठवला, "डंगरी घेतली" म्हणून. ती म्हणाली, इकडे ह्याला ओव्हरऑल्स म्हणतात, आणि तिच्या शेजारची पंचाहत्तरीची आजी डंगरीज म्हणते ते साध्या जीन्सला. तेव्हा हिशोब असा, इंग्लंडमध्ये डंगरीज म्हणजे पट्टेवाली, अमेरिकेतल्या जुन्या माणसांच्या तोंडी जीन्स, आपल्या सैन्यात अख्खा बंद सूट, आणि आपल्याकडच्या मुलींमध्ये परत पट्टेवाली. म्हणजे ज्या टॅगवर अमेरिकेचं नाव आहे त्या अमेरिकेत जाऊन 'डंगरी द्या' म्हटलं तर दुकानदार बहुतेक दुसरंच काहीतरी काढून देईल.

ह्याच ओघात, डेनिम हा शब्द फ्रान्सच्या नीम गावावरून, 'सर्ज द नीम', म्हणजे नीमचं कापड, असं सहसा सांगतात, आणि जीन्स इटलीच्या जेनोवावरून. कॅलिको कालिकतवरून. त्या काळात कापड म्हटलं की गावाचं नावच लागायचं, जसं आपण पैठणी म्हणतो, इरकल म्हणतो. इंग्रजीतलं चिंट्झ म्हणजे आपलं चीट, आजीच्या गोधडीत असायचं ते छापील. गनी बॅग म्हणजे गोणी. आणि कापड नाही पण सांगायचा मोह आवरत नाही, इंग्रजीतलं मंगूज हे मराठीतल्या मुंगसावरून, पोर्तुगीजांच्या तोंडून गेलेलं. एवढं सगळं दिलं आणि बदल्यात आलं काय, बक्कल. तेही तुटकं. (बक्कल शब्द तर त्यांचाच, तो आपण पूर्ण मराठी करून टाकला, बकलाला, बकलाचा, बक्कलं.)

असो, परत डंगरीकडे, कारण वॉशरूमचं राहिलंय आणि तेच विचारायला अर्ध्या बायका इथे आल्या असणार. सरळ सांगते, त्रास आहे. दोन्ही पट्टे सोडायचे, बाजूची बटणं सोडायची (ह्या मॉडेलला प्रत्येक बाजूला दोन, खालचं काज घट्ट आहे), आणि सगळा वरचा भाग कमरेशी धरून ठेवायचा, कारण तो पुढे पडला तर एक वेळ ठीक, पण मागचे पट्टे जमिनीला लागतात आणि सार्वजनिक जागी ती जमीन कशी असते ते तुम्हाला माहितीये. मी आता युक्ती काढलीये, पट्टे सोडले की दोन्ही गळ्यात पुढे घ्यायचे आणि दातात धरायचे. हो, दातात. कोणी बघत नाही. पण मिटींगच्या आधी पाच मिनिटं जाऊन येणं हा प्रकार डंगरीत होत नाही, दहा मिनिटं हातात ठेवा. लांबच्या एसटी प्रवासाला अजिबात घालू नका, ढाब्यावर गाडी दहा मिनिटं थांबते.

मांडी घालून बसता येतं, हे मात्र छान. आसन ऐसपैस आहे, गुडघ्याला कापड ताणत नाही. गणपतीत आरतीला मांडी घालून पाऊण तास बसले, काही वाटलं नाही (आईचा चेहरा सोडून). खिसे सहा, त्यातला छातीवरचा सगळ्यात कामाचा, फोन बसतो आणि लोकलमध्ये समोर डोळ्यांदेखत राहतो, पाकीटमाराची काय टाप. फक्त वाकताना फोन पडतो, चहाच्या टपरीवर एकदा चहात पडता पडता राहिला. उन्हाळ्यात मात्र अवघड, खाली सुती टीशर्ट, वर हा जाड तुकडा, पोटाशी घामाची आंघोळ. एप्रिल-मेमध्ये माझी कपाटातच होती. पावसात जाड कापड वाळत नाही, दोन दिवस दोरीवर, तिसऱ्या दिवशी वास. म्हणजे मुंबई-ठाण्यात हिचा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, प्लस एसी ऑफिस.

बकलाचं पुढे काय झालं ते सांगते. कस्टमर केअरने आधी फोटो मागितला, मग व्हिडिओ, मग पाचव्या दिवशी कळवलं की वापरलेल्या कपड्याच्या 'ट्रिम्स'वर, म्हणजे बटणं-बक्कलं वगैरेंवर, वॉरंटी नाही, त्याऐवजी पुढच्या खरेदीवर १५ टक्के सूट. मी त्यांना लिहिलं की बक्कल ही ट्रिम नाही हो, बक्कल निघालं की डंगरीची नुसती ढगळ पँट होते. त्यावर बॉटने "तुमच्याशी बोलून आनंद झाला" असं लिहून चॅट बंद केला. मग एका शनिवारी मंगळदास मार्केटच्या बाजूच्या गल्लीत गेले, तिथे बटणं, चेनी, लेस, बक्कलं असलंच सगळं मिळतं. खऱ्या पितळेची दोन जोड १४० रुपयांना मिळाली, दुकानदाराने आधी १८० सांगितले होते. हातात घेतल्यावरच वजनात फरक कळतो. घरी आमच्या शिंपीकाकांकडे दिली, त्यांनी डंगरी उलटी केली, शिलाई बघितली आणि म्हणाले, "कापड चांगलंय, शिवणाऱ्याला घाई होती." पट्ट्याच्या टोकाला एकेरी शिलाई होती ती त्यांनी चौकोन मारून वर आडवातिडवा टाका घातला, निघालेल्या रिव्हेटच्या जागी खऱ्या रिव्हेटऐवजी नुसता घट्ट दाब टाका दिला, सगळ्याचे ८० रुपये. जाता जाता त्यांना विचारलं, काका, डोंगरी कापड हा शब्द ऐकलाय का? म्हणाले, नाही, मांजरपाट ऐकलंय, खादी ऐकलंय, डोंगरी नाही. चाळीस वर्षं मशीनवर बसलेला माणूस. मला उगीच वाटलं होतं की कोणीतरी एकजण तरी म्हणेल, "हो, आमचे वडील म्हणायचे."

त्या शनिवारी मार्केटमधून निघाल्यावर मशीद बंदरहून गाडी पकडायच्याऐवजी चालत पुढे डोंगरीत गेले, पहिल्यांदाच. डंगरी घालूनच गेले होते, अर्थात. माणसांची ही गर्दी, हातगाड्या, कबाबचा धूर, सुक्यामेव्याची दुकानं, मधेच एक जुनी लाकडी जिन्याची इमारत. एका दुकानाबाहेर हँगरवर कामगारांचे बॉयलर सूट टांगलेले होते, निळे आणि केशरी. विचारलं, ह्याला काय म्हणता? दुकानातला मुलगा म्हणाला, "कव्हरऑल, मॅडम. साइझ बोला." डंगरी नाही म्हणाला. साडेसहाशेचा होता, बक्कल नाही, पुढे जाड चेन, शिलाई तिहेरी. खेचून बघितला, माझ्या २,१९९ पेक्षा मजबूत होता. घेतला नाही, पण त्याच्या खिशाला रिव्हेट नसूनही कोपऱ्यावर दुहेरी टाका होता हे बघून आले.

तर रेटिंग. कापड पाचपैकी साडेचार. शिलाई अडीच. बक्कल आणि रिव्हेट शून्य, आणि जमलं तर त्याच्याही खाली. कस्टमर केअर एक, तोही त्या बॉटच्या नम्रपणाबद्दल. टॅगला काय द्यायचं ठरत नाहीये, वारसा म्हणून जे छापलंय ते खोटं नाही, फक्त शब्दाचं गाव गाळलंय. एकूण तीन. स्वतःची बक्कलं घालायची तयारी असेल आणि घराजवळ बरा शिंपी असेल तर घ्या, २,१९९ अधिक १४० अधिक ८०, म्हणजे २,४१९ धरा. दर महिन्याला सेल लागतो, पूर्ण भावात चुकूनही घेऊ नका. फिकट निळा रंग फोटोत छान दिसतो पण लोकलमध्ये दोन दिवसांत मळतो, गडद घ्या. भाचीची डंगरी दुसऱ्या ब्रँडची घेतली, ९९९ ला, तिची बक्कलं प्लास्टिकची आहेत आणि सहा महिने झाले अजून एक निघालेलं नाही.